लाकडी पंखांची शर्थ

१९६० साली जर्मनीत कोलोनजवळच्या बुट्झवायलरहोफ विमानतळावर ग्लायडिंगची जागतिक स्पर्धा भरली. तिथे स्टँडर्ड क्लासचे विजेतेपद हाइन्झ हूथ या जर्मन वैमानिकाने मिळवले. तीन वर्षांनी अर्जेंटिनातल्या हुनीन गावी ते पुन्हा त्यालाच मिळाले. दोन्ही वेळा तो का-६ मालिकेतल्या एकासनी ग्लायडरमध्ये बसला होता. त्याच मालिकेतली ग्लायडर त्या काळी गावोगावच्या क्लबांच्या शेडमध्येही उभी होती. क्लबातली पोरे ती ढकलत धावपट्टीवर आणत, आणि संध्याकाळी पुसून पुन्हा आत ठेवत. जगज्जेत्याचे यंत्र आणि गावच्या क्लबाचे यंत्र एकच असावे, असे विमानविद्येच्या इतिहासात फार क्वचित घडले आहे. ते कसे घडले आणि पुढे का टिकले नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

ग्लायडर हा प्रकार मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या कड्यावर पंख न हलवता वर चढत जाणारी घार आपल्या ओळखीची आहे. वारा डोंगराला अडतो, वर वळतो, आणि त्या वळलेल्या वाऱ्यावर ती तरंगते. दुपारच्या तापलेल्या माळावर ती गिरक्या घेत चढते, कारण तिथे गरम हवेचा स्तंभ वर जात असतो. वैमानिक त्याला थर्मल म्हणतात. ग्लायडर याच दोन गोष्टी करते. भोवतालच्या हवेच्या हिशेबाने ते सतत खालीच येत असते. पण ती हवाच त्याहून वेगाने वर निघाली असेल, तर ग्लायडरला उंची मिळते. मिळवलेली उंची खर्चून ते पुढचा थर्मल गाठते, तिथे पुन्हा चढते, आणि असे करत शेकडो किलोमीटरचा पल्ला मारते.

आराखडा आखणाऱ्याची कसोटी इथेच लागते. थर्मल अरुंद असतो. त्यात टिकायचे तर हळू उडावे लागते, छोटे वर्तुळ घ्यावे लागते, म्हणजे ग्लायडर हलके हवे. थर्मल सोडला की मात्र पुढचे अंतर झपाट्याने तोडायचे असते, कारण वाटेत हवा बहुधा खाली जाणारी असते. तिथे वजन फारसे आड येत नाही; हवेचा विरोध आड येतो. चढायला एक यंत्र हवे आणि धावायला दुसरे, आणि बांधता येते एकच. त्याची गुणवत्ता मोजण्याचे सर्वांत रूढ माप म्हणजे ग्लाइड रेशो: शांत हवेत एक किलोमीटर उंची खर्चून तीस किलोमीटर जाता आले, तर ग्लाइड रेशो तीस. पण हा आकडा कोणत्या वेगाला मिळतो, आणि वेग वाढवला की तो किती भराभर घसरतो, हे विचारल्याशिवाय त्या तिसाला अर्थ नाही. नव्या वाचकाने हा एक प्रश्न मनात ठेवला, तर पुढचा सगळा इतिहास त्याला आपोआप उलगडेल.

तो इतिहास हेसेन प्रांतातल्या ऱ्होन डोंगररांगेत, वासरकुप्पे नावाच्या साडेनऊशे मीटर उंचीच्या बोडक्या माथ्यावर सुरू होतो. डार्मस्टाटचे विद्यार्थी पहिल्या महायुद्धाआधीच तिथे उड्या मारून पाहत होते. युद्ध हरल्यावर व्हर्साय तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने घातली. तेव्हा ‘फ्लूगस्पोर्ट’ मासिकाचे संपादक ऑस्कर उर्झिनुस यांनी १९२० मध्ये इंजिन नसलेल्या विमानांची पहिली स्पर्धा याच माथ्यावर भरवली. दोनच वर्षांनी हानोव्हरच्या विद्यार्थ्यांचे ‘व्हॅम्पीर’ तिथे गाजले. आर्थर मार्टेन्स त्यातून तासाभराहून अधिक काळ हवेत राहिले, आणि काही दिवसांतच फ्रीडरिश हेंट्झेन यांनी तीन तासांची मजल ओलांडली. व्हॅम्पीरच्या पंखात एकच मुख्य तुळई होती आणि तिच्या पुढचा भाग प्लायवुडने मढवून बंद नळीसारखा केला होता. पंख पिळवटू न देण्याचे काम ही नळी करी. मागचा भाग नुसता कापडाचा असला तरी चाले. पुढची चाळीस वर्षे लाकडी ग्लायडरच्या पंखाची घडण मूलतः हीच राहिली. का-६ चा पंख याच घराण्यातला आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९३३ नंतर हे घराणे नाझी राजवटीच्या हाती गेले. ग्लायडिंगच्या शाळा लष्करी वैमानिक घडवण्याची पहिली पायरी बनल्या. मे १९४० मध्ये बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्यावर जर्मन सैनिक उतरले ते ग्लायडरमधूनच. ग्लायडिंगवरची हौशी पुस्तके बहुधा १९३३ वरून उडी मारून थेट १९५१ वर येतात. तसे करणे मला मंजूर नाही. युद्धानंतर जर्मनांच्या ग्लायडिंगवर बंदी का आली, हे त्याशिवाय कळत नाही, आणि त्यानंतर जे बांधले गेले त्यात इतका साधेपणा का होता, हेही कळत नाही.

त्याच काळातले एक यंत्र मात्र आपल्या कथेचा थेट पूर्वज आहे. १९४० च्या ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंगचा समावेश होणार होता, आणि सर्व स्पर्धकांनी एकाच प्रकारच्या ग्लायडरमधून उडावे असे ठरले होते. पंखविस्तार १५ मीटर, पंखाच्या मागच्या कडेला वळवता येणारे फ्लॅप नाहीत, बांधणी सोपी, कोणत्याही देशाला करता येईल अशी. १९३९ मध्ये रोमजवळ झालेल्या चाचणीत हान्स याकोब्स यांच्या ‘माइझे’ची निवड झाली. ते ऑलिंपिक झालेच नाही. पण माइझे युद्धानंतर इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्येही बांधले गेले, आणि सर्वांना सारखी संधी देणारे, परवडणारे १५ मीटरचे ग्लायडर ही कल्पना टिकून राहिली.

१९५१ मध्ये जर्मनांना ग्लायडर उडवण्याची परवानगी परत मिळाली. इंजिनाच्या विमानांसाठी त्यांना १९५५ पर्यंत थांबावे लागले. मधल्या वर्षांत उडण्याची सगळी तहान ग्लायडरवर भागवायची होती, आणि हाताशी पैसे थोडे होते. वासरकुप्पेच्या पायथ्याशी पोपेनहाउझेन गावात अलेक्झांडर श्लायशर यांचा १९२७ पासूनचा लाकूडकामाचा कारखाना होता. तिथे रुडोल्फ कायझर नावाचा तरुण आला. त्याने आधी स्वतःसाठी घरच्या घरी एक छोटे ग्लायडर बांधले होते, दहा मीटर पंखविस्ताराचे, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या शेपटीचे. ते का-१. मालिकेचे नावच कायझर यांच्या आडनावातल्या पहिल्या दोन अक्षरांवरून आले. पुढे का-२ हे दोन आसनी, का-४ हे नवशिक्यांचे, अशी रांग लागली. या माणसाला कमी साहित्यात नेमके ते करता येते, हे त्या पहिल्या यंत्रांतच दिसून येते.

का-६ पहिल्यांदा उडाले ते १९५५ मध्ये, आणि त्याचे पहिले रूप आजच्या परिचित रूपापेक्षा लहान होते. पंखविस्तार जेमतेम १४ मीटर. तो वाढून १५ मीटर झाला तो स्टँडर्ड क्लासच्या नियमामुळे. १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओस्टिव्ह ही ग्लायडिंगच्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. स्पर्धेतली ग्लायडर दिवसेंदिवस लांब, गुंतागुंतीची आणि महाग होत चालली आहेत, हे पाहून साध्या ग्लायडरसाठी वेगळा वर्ग करण्यात आला. १५ मीटरपेक्षा लांब पंख नको, फ्लॅप नकोत, चाक आत घेण्याची सोय नको. आणि सरळ खाली सूर मारला तरी वेग हाताबाहेर जाऊ न देणारे एअरब्रेक मात्र हवेतच. १९५८ मध्ये पोलंडच्या लेश्नो येथील जागतिक स्पर्धेत हा वर्ग पहिल्यांदा उतरला. शर्यत पोलंडच्या आडाम व्हिटेक यांनी ‘मुखा स्टँडर्ड’मधून जिंकली, पण या वर्गातल्या सर्वोत्तम आराखड्याचे ओस्टिव्ह पारितोषिक का-६ ला मिळाले. एका निर्णयात किती जलद उडते ते मोजले होते. दुसऱ्यात कोण बांधू शकेल, कोण उडवू शकेल, कोणाला परवडेल हेही पाहिले होते. माझ्या मते का-६ चे मोठेपण या दुसऱ्या निकालात जास्त नेमके पकडले गेले आहे.

आता त्याच्या पंखाकडे जरा निवांत पाहू. कायझर यांनी पंखाचा छेद निवडला तो अमेरिकेच्या नाका संस्थेच्या ‘६३-६१८’ या क्रमांकाचा. पूर्वीच्या छेदांवर हवेचा पातळ थर पंखाच्या पुढच्या कडेपासून थोड्याच अंतरावर विस्कटायचा आणि विरोध वाढवायचा. नाकाच्या या मालिकेत छेदाचा आकार असा आखला होता की हवा पंखावरून बऱ्याच अंतरापर्यंत थरांत, न विस्कटता वाहावी; अशा छेदाला लॅमिनार म्हणतात. क्रमांकातला तीनचा आकडा हेच सांगतो: पंखाच्या रुंदीच्या तीस टक्क्यांपर्यंत हवेचा दाब उतरत जातो आणि थर शांत राहतो. शेवटचा अठरा म्हणजे छेदाची जाडी, रुंदीच्या अठरा टक्के. ही जाडी सुताराच्या फायद्याची होती. छेद जाड म्हणजे आतली तुळई उंच, आणि उंच तुळई कमी लाकडात जास्त भार पेलते. हवेचे गणित आणि लाकडाचे गणित एकाच निवडीत जुळले. कायझर यांच्या कौशल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

अमेरिकेत याच कुळातला छेद रिचर्ड जॉन्सन यांनी आरजे-५ या एकुलत्या एक ग्लायडरमध्ये वापरला होता आणि १९५१ मध्ये ८६१ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला होता. ऑगस्ट रॅस्पेट यांनी त्या पंखाचा पृष्ठभाग महिनोन् महिने तपासून गुळगुळीत करून घेतला होता. हा छेद अटीवर काम करतो: लाकूड किंचित लाटले, सांधा कणभर वर आला, की थर तिथेच विस्कटतो आणि सगळा लाभ जातो. प्लायवुड तर ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. कायझर आणि श्लायशरच्या कारागिरांनी हे काम प्रयोगशाळेतून उचलून गावातल्या कारखान्यात आणले, आणि एकदा करून थांबले नाहीत. पंखाच्या पुढच्या भागावर बर्चचे प्लायवुड, नीट बसवलेल्या फासळ्या, रंधा आणि पुट्टी, मागे कापड. असे पंख शेकड्यांनी बाहेर पडले. एक विक्रमी यंत्र घडवणे ही एका कुशल माणसाची गोष्ट असते. तोच पृष्ठभाग दर आठवड्याला, वेगवेगळ्या हातांकडून, ठरलेल्या किमतीत काढणे ही एका संपूर्ण कारखान्याची गोष्ट असते, आणि इतिहास लिहिणारे तिच्याकडे फार कमी लक्ष देतात.

परिणाम असा: रिकामे वजन १९० किलोच्या आसपास, वैमानिकासह जास्तीत जास्त ३०० किलो, ग्लाइड रेशो तिसाच्या जवळपास, आणि थर्मलमध्ये आपोआप वळल्यासारखे वळणारे, हाताला हलके ग्लायडर. मशागत केलेल्या शेतात अवचित उतरावे लागले, तरी चार माणसे ते उचलून ट्रेलरवर ठेवू शकत.

पुढच्या रूपांची नावे पाहून नवा वाचक गोंधळतो, म्हणून थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या का-६ च्या पोटाखाली स्किड म्हणजे लांब लाकडी पट्टी होती. नावात ‘आर’ आले की स्किड जाऊन चाक आले असे समजावे. हे अक्षर चाकाच्या जर्मन शब्दाचे. म्हणून बीआर, आणि मग सर्वांत जास्त दिसणारे सीआर. ‘पीई’ जोडले असेल तर आडवी शेपटी दोन तुकड्यांची नसून अख्खी फिरते. मागणी इतकी होती की म्युन्स्टरच्या पाउल झीबर्ट यांच्या कारखान्यानेही परवान्याखाली सीआर बांधले. १९६५ मध्ये का-६ई आले. यात धड सडपातळ झाले, काचेचे छत लांब आणि बसके झाले, पंखाचा छेद बदलला, वैमानिक थोडा मागे रेलून बसू लागला. कारखान्याच्या आकड्यांत ग्लाइड रेशो ३३-३४ पर्यंत गेला. ई रूपाची जवळपास चारशे ग्लायडर झाली, आणि सगळी मालिका मिळून हजाराच्या बरीच पुढे गेली.

या काळात का-६ एकटे नव्हते, आणि इतर परंपरा समजून घेतल्याशिवाय त्याचे वेगळेपण कळत नाही. पोलंडमध्ये ग्लायडरचा विकास सरकारी संस्थेत, बिएल्स्को-बियावा येथे चाले. तिथल्या व्वादिस्वाव ओकार्मुस यांनी ‘फोका’ आखले. वैमानिकाला त्यात जवळजवळ आडवे झोपवले होते, धडाचा छेद त्यामुळे अगदी लहान झाला. हे लाकडी ग्लायडर इतके पुढे गेले की १९६५ मध्ये इंग्लंडच्या साउथ सर्नीत यान व्रुब्लेव्हस्की यांनी त्यातून खुल्या वर्गाचे विजेतेपद मिळवले, म्हणजे १५ मीटरच्या ग्लायडरने लांब पंखांच्या ग्लायडरना मागे टाकले. फिनलंडचे ‘वासामा’, स्वित्झर्लंडचे ‘एल्फे’, इंग्लंडची स्लिंग्जबीची ग्लायडर ही सगळी लाकडाच्याच वाटेवर होती. अमेरिकेत श्वाइट्झर बंधूंनी आणि चेकोस्लोव्हाकियात ‘ब्लानिक’च्या कारखान्याने धातूची वाट धरली. धातू उघड्यावर ठेवता येतो, पावसाला आणि उन्हाला दाद देत नाही. पण रिव्हेट केलेला पत्रा लॅमिनार छेदाला लागणारा नितळपणा सहज देत नाही. फोका आणि का-६ यांतला फरक मला सर्वांत बोलका वाटतो. फोकाने वैमानिकाला यंत्राच्या आकारात बसवले. कायझर यांनी यंत्र वैमानिकाभोवती ठेवले, आणि का-६ई मध्ये जरा माघार घेऊन त्याला मागे रेलवले.

लाकडाचा काळ संपवणारी ठिणगी मात्र जर्मनीतूनच आली होती, तीही का-६ ऐन भरात असताना. जर्मन विद्यापीठांतल्या आकाफ्लीग या विद्यार्थी गटांची परंपरा मोठी आहे. तिथली मुले अभ्यासाबरोबर स्वतः ग्लायडर आखतात, बांधतात आणि उडवतात. श्टुटगार्टच्या गटाचे ‘फीनिक्स’ नोव्हेंबर १९५७ मध्ये उडाले. हेर्मान नेगेले, रिशार्ट एप्लर आणि रुडोल्फ लिंडनर यांचे हे ग्लायडर फायबरग्लासचे होते, जगातले पहिले. एप्लर यांनी त्याचे छेद गणिताने आखले होते, आणि साच्यातून निघालेल्या पृष्ठभागाने ते गणित जसेच्या तसे उतरवले. लाकडाला जी नितळता रंध्याने आणि पुट्टीने खेचून आणावी लागे, ती साच्यातून आपसूक येऊ लागली. १९६४ मध्ये डार्मस्टाटच्या आकाफ्लीगचे डी-३६ ‘सर्से’ आले. ते बांधणाऱ्यांत तीन नावे होती: गेर्हार्ट वायबेल, वोल्फ लेम्के आणि क्लाउस होलिगहाउस. पुढे वायबेल श्लायशरमध्ये गेले, लेम्के रोलाडेन-श्नायडरमध्ये आणि होलिगहाउस शेम्प-हिर्थमध्ये. एका विद्यार्थी प्रकल्पातून तीन कारखान्यांचे पुढचे तीस वर्षांचे भविष्य निघाले, असे दुसरे उदाहरण विमानविद्येत शोधावे लागेल.

रोलाडेन-श्नायडर हे मुळात खिडक्यांची गुंडाळती शटर बनवणारे. त्यांच्या एलएस-१ मधून हेल्मुट राइशमान यांनी १९७० मध्ये टेक्सासच्या मार्फा येथे स्टँडर्ड क्लास जिंकला. श्लायशरने १९६८ मध्ये वायबेल यांचे एएसडब्ल्यू-१५ आणले. याही ग्लायडरांचा पंखविस्तार १५ मीटर, फ्लॅप नाहीतच. पण ग्लाइड रेशो ३६ ते ३८. त्याच सुमारास चाक आत घेण्याची मुभा मिळाली, मग पंखात पाणी भरून वजन वाढवण्याचीही. प्रत्येक सवलतीमागे चांगले तांत्रिक कारण होते. पण वर्ग ज्या हेतूने काढला, तो साधेपणा आणि परवडणारी किंमत, हा हेतू त्या सवलतींबरोबर मागे पडत गेला. जगज्जेत्याचे यंत्र आणि क्लबाचे यंत्र यांची वाट इथे वेगळी झाली.

हे सर्व घडताना कायझर काय करत होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. का-६ अजून नवे असतानाच, १९५७ मध्ये, त्यांनी के-८ आखले: पोलादी नळ्यांचे धड, साधा पंख, ग्लाइड रेशो पंचविसाच्या आसपास, आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालणारा स्वभाव. एकट्याने पहिले उड्डाण करणाऱ्यासाठी ते होते, आणि तेही हजाराच्या वर बांधले गेले. पुढे त्यांनी एएसके-१३ हे दोन आसनी शिकवणीचे ग्लायडर दिले. मग फायबरग्लासचे एएसके-२१, आणि १९८३ मध्ये एकासनी एएसके-२३. श्लायशरच्या कारखान्यात असे काम वाटले गेले: वायबेल यांनी स्पर्धेसाठी आखले, कायझर यांनी क्लबासाठी. १९९१ मध्ये कायझर वारले. जगभरातल्या कितीतरी वैमानिकांचे पहिले एकट्याचे उड्डाण त्यांच्या आराखड्यात झाले, आणि बहुतेकांना त्यांचे नाव माहीत नाही. हे पुस्तक लिहिण्यामागे ही एक खंतही आहे.

मग आज, एवढ्या वर्षांनी, लाकडी ग्लायडरचा इतिहास मराठीत कशासाठी? पहिले कारण असे की परवडणाऱ्या ग्लायडरचा प्रश्न सुटलेला नाही. सर्वांना एकाच छोट्या यंत्रातून उडवण्याचा प्रयत्न पोलंडच्या पीडब्ल्यू-५ वर आधारलेल्या ‘वर्ल्ड क्लास’ने केला, १९९७ मध्ये तुर्कस्तानात त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, पण तो वर्ग तगला नाही. २००१ पासून क्लब क्लासची जागतिक स्पर्धा होते, तिथे जुनी ग्लायडर गुणांक लावून एकमेकांशी खेळतात. ऑलिंपिकच्या माइझेपासून चाललेला हा शोध आहे, आणि त्यात आजवर सर्वांत जवळ पोचले ते का-६, असे माझे ठाम मत आहे. दुसरे कारण लाकडाचे. जुनी का-६ अजून उडतात, पण त्यांच्या सांध्यांचा सरस, ओल धरलेले प्लायवुड, तुळईच्या मुळाशी पडणाऱ्या चिरा यांची तपासणी सतत करावी लागते. ते डोळे आणि ते हात असलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्हिंटेज ग्लायडर क्लबने आणि वासरकुप्पेवरच्या ग्लायडिंग संग्रहालयाने हे ज्ञान जपले आहे, पण ते जर्मन आणि इंग्रजीत. लाकूड कसे तुटते आणि कसे टिकते, हे आपल्या भाषेत वाचायला मिळायला हवे.

तिसरे कारण आपल्या घरचे आहे. भारतानेही याच वर्षांत स्वतःची लाकडी ग्लायडर आखली, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रात हे काम झाले. यंत्रांना नक्षत्रांची नावे दिली गेली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष. एस. रामामृतम यांचे कार्तिक १९६३ मध्ये उडाले: एकासनी, लाकडी, १५ मीटर पंखविस्ताराचे, म्हणजे का-६ च्याच वर्गातले. जागतिक नियम एक झाल्यामुळे पोपेनहाउझेन आणि दिल्ली इथले अभियंते एकाच प्रश्नावर बसले होते. कार्तिक आणि का-६ शेजारी ठेवून पाहिले, तर साहित्य, हवामान आणि पैसा यांच्या फरकाने एकाच नियमाची उत्तरे कशी बदलतात, हे कळते. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे ग्लायडर मराठी माणसाच्या नजरेसमोर आले. त्या आकाशाखाली वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न तिऱ्हाइताचा वाटणार नाही.

या पुस्तकाची मांडणी कालक्रमाने असली, तरी त्याचा कणा कालक्रम नाही. दर टप्प्यावर मी तीन गोष्टी विचारल्या आहेत: पंखाचा छेद कोणता, तो कोणत्या साहित्यात उतरवला, आणि ते यंत्र शेवटी कोणाच्या हातात गेले. तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त पाने दिली आहेत. गणित आहे, पण दहावीच्या पलीकडचे नाही. जिथे आलेख वाचावा लागतो तिथे तो कसा वाचायचा हे आधी सांगितले आहे. विशेषतः वेग आणि उतरण यांचा आलेख, ज्याला ग्लायडर जगतात पोलर म्हणतात, तो पहिल्याच भागात नीट समजावून घ्यावा, कारण का-६ सीआर आणि का-६ई यांतला फरक वर्णनाने कळत नाही, त्या दोन वक्ररेषा एकावर एक ठेवल्या की लगेच दिसतो. कमी वेगाला त्या जवळजवळ चिकटलेल्या असतात. वेग वाढला की ई ची रेषा वर राहते आणि सीआरची खाली वाकते. कायझर यांनी सडपातळ धड आणि बदललेल्या छेदातून दहा वर्षांत मिळवले ते एवढेच अंतर, आणि लांब पल्ल्याच्या दिवशी ते किती किलोमीटरचे ठरते, याचा हिशेब वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करावा, अशी सोय तिथे केली आहे.